भरल्या जीपचा उजेड

दसरा उलटला की कापसाच्या पऱ्हाटीला बोंडं फुटायला लागतात आणि मी जीपच्या टायरांतली हवा बघायला लागते. दोन्ही कामं एकाच आठवड्यात येतात. वावर पांढरं व्हायला लागलं की बघणाऱ्याला काय काय सुचत असेल, मला आधी पांदण आठवते. पांदण म्हणजे दोन धुऱ्यांच्या, म्हणजे बांधांच्या, मधून शेतांकडे जाणारी मातीची वाट. आमच्या गावापर्यंत डांबर आहे. तिथून शेत साडेतीन किलोमीटर आत, मध्ये एक नाला, आणि सगळी माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ओली झाली की ती धरलेलं सोडत नाही.

आज सकाळी हवा बघायला खाली वाकले तर गुडघा कुरकुरला. जीपचं दारही कुरकुरतं. दाराला तेल घातलं, गुडघ्याला म्हटलं थांब.

जीप सासऱ्यांनी सरकारी लिलावात घेतली होती. दारावर कुठल्या तरी खात्याचं नाव होतं, ते त्यांनी घासून पुसलं आणि वरून रंग दिला. पण पत्रा ओला झाला की अक्षरं अजून पुसट वर येतात. कोणतं खातं ते मात्र आजवर कुणाला वाचता आलेलं नाही. सासरे गेल्यावर जीप दोन वर्षं गोठ्याशेजारी उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. माझे यजमान यवतमाळला एका कार्यालयात आहेत, शनिवारी येतात, सोमवारी जातात. गाडीचं चाक हातात घेतलं की त्यांना घाम फुटतो. म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी मी शिकले. कोंबड्यांना दुसरी जागा दिली.

हे सगळं आठवायचं कारण चार वर्षांपूर्वीचा हंगाम. त्या वर्षी पाऊस जायलाच तयार नव्हता. दिवाळीच्या चकल्या सादळल्या. फुटलेला कापूस ओला होऊन बोंडातून लोंबायला लागला, आणि पांदणीत पाय ठेवला की चप्पल तिथेच राहायची.

पाडव्याला दीर आले होते. विलासभाऊजी. त्यांचं यवतमाळला हार्डवेअरचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण दुसऱ्याच्या सोयीचं काय ते आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज आहे. चिवड्याची वाटी हातात घेऊन म्हणाले, "वहिनी, किती दिवस हे करणार? शेत ठेक्यानं देऊन टाका. यवतमाळले या, आराम करा."

"आराम करून काय करू?"

"म्हणजे? लोक काय करतात?"

"तेच तर विचारते."

यजमान शेंगदाणे वेचून खात होते.

भाऊजी म्हणाले, "ह्या चिखलात वेचायला बाया आणणार कशा? मागच्या वर्षी दोनदा फसली ती जीप. यंदा एकदा जरी फसली ना, तर जीप विकायची अन् शेत ठेक्यानं द्यायचं. मंजूर?"

"मंजूर," मी म्हटलं.

"अगं, जरा विचार तर कर," यजमान शेवटी बोलले. पण तोवर मी बोलून गेले होते.

मला जीपचा लळा आहे असं कुणी समजू नये. ती तेल पिते, स्टिअरिंग जड आहे, पावसात टप गळतो. पण सकाळी उठून कुठे जायचं हे मी ठरवायचं, कुणाच्या गाडीची वाट बघायची नाही, हे तिच्यामुळे होतं. ती गेली की शेत जाणार, आणि यवतमाळच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून मी लोकांच्या गाड्या मोजणार. एवढं मला चिवड्याच्या त्या वाटीत स्वच्छ दिसलं.

वेचणीला बाया पुरेशा मिळत नाहीत. ज्याच्या शेतात जाणं सोपं त्याच्याकडे त्या आधी जातात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. माझ्याकडे यशोदाबाईची टोळी येते. सहा किलोमीटरवरच्या वस्तीतून बारा बाया. यशोदाबाई पन्नाशीची, अंगानं दणकट, टोळीची मुकादम. तिचा शब्द पडला की बारा बाया उठतात. ती मला बाई म्हणते आणि मनात येईल ते तोंडावर बोलते.

तर पैज लागल्यावर मी टायर बदलायचं ठरवलं. जुने गुळगुळीत झाले होतेच. आर्णीला देवानंद मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे सासऱ्यांपासून जीप जाते. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून गेले होते. त्यात मोठमोठ्या गाड्या रुंद टायर लावून वाळूतून लीलया चालल्या होत्या. माझा हिशोब सरळ होता: पाय रुंद, तर भार पसरणार, तर रुतणार नाही.

देवानंदभाऊंनी माझं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, हे वाळूचं गणित हाय. आपली माती गोंदावाणी हाय. जुनंच माप ठिवा, सहा-सोळा. बारीक टायर चिखल कापते अन् खालच्या कडक जमिनीले लागते. रुंद टायर वरतीच तरंगते अन् घसरते."

"पण व्हिडिओत तर..."

"व्हिडिओत पांदण होती का?"

नव्हती. तरी मी रुंदच घेतले. शिकलेल्या माणसाला मिस्त्रीपेक्षा मोबाइलचं पटतं, त्याला इलाज नाही. टायर दिसायला फार रुबाबदार होते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डला घासायचे. देवानंदभाऊंनी काही न बोलता मडगार्डची कड ठोकून आत वळवली.

वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. पहिल्या ओळीतल्या झाडापाशी पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा, मग पहिलं बोंड वेचायचं. यशोदाबाईनं ते केलं आणि उरलेला मूठभर दहीभात नेऊन जीपच्या पुढच्या चाकापाशी ठेवला.

"हे काय?"

"हिलेबी देतो थोडा. यंदा हिच्याच भरोशावर हाय ना तुमी."

पैजेची बातमी वस्तीपर्यंत पोचली होती. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, पण पुढे जाताना चाक त्या दहीभाताच्या बाजूनं नेलं.

दुसऱ्या दिवशी जीप फसली.

नाल्याच्या पलीकडच्या चढावर. रुंद टायरांच्या खाचांत माती भरली आणि टायर मडक्यासारखे गुळगुळीत झाले. मग टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत माती ठासली आणि पुढचं चाक फिरेनाच. इंजिन ओरडतंय, मागची चाकं जागेवर फिरताहेत आणि जीप आडवी सरकून धुऱ्याला टेकली. बारा बाया खाली उतरल्या. चार जणी कुंपणाच्या तुऱ्हाट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, मोडून आणून मडगार्डमधली माती उकरायला लागल्या, बाकीच्या मागून जोर लावायला.

"बाई, हिले म्हशीचे खुर कायले लावले वो?"

"म्हैस तरी निघते माय, हे निघून नाही राह्यली!"

"ए सुमन, चाकामागं नोको उभी राहू, तोंड रंगते."

सुमन म्हणजे टोळीतली सगळ्यांत लहान, नुकतं लग्न झालेली. ती चाकामागेच उभी होती. तिचं तोंड रंगलं आणि सगळ्या इतक्या हसल्या की जोर लावायचं थांबलं. पाऊण तास गेला. जीप निघाली तेव्हा आमच्या अंगावर जीपपेक्षा जास्त चिखल होता. तेवढ्यात मागून एक बैलबंडी आली आणि आमच्या शेजारून, त्याच चढावरून, डुलत निघून गेली. मी तिची चाकं बघत राहिले. चार बोटं रुंदीची. शेकडो बंड्यांनी पाडलेल्या चाकोरीत बरोबर बसणारी. माझं टायर त्या चाकोरीत मावतच नव्हतं, तिच्या दोन्ही काठांवर चढून चाललं होतं. एवढी वर्षं मी ह्या वाटेनं जातेय, आणि वाट किती रुंद मागते हे मी वाळवंटातल्या गाड्यांना विचारलं.

संध्याकाळी कापूस मोजायच्या वेळी भाऊजी हजर. रविवार होता. त्यांची मोठी गाडी डांबरावर ठेवून ते कुणाच्या तरी मोटरसायकलवर आत आले होते. यशोदाबाई गाठोडं बांधत होती.

"काय यशोदाबाई, जीप फसली तर नाही ना?"

"नाही जी."

"मग गुडघ्यापर्यंत हा चिखल?"

"चिखल वावरातच राह्यते ना भाऊ. घरात थोडी राह्यते."

बाकी अकरा जणींनी पदर तोंडात धरले होते. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. कुणी न सांगता बारा बायका माझ्यासाठी खोटं बोलायला तयार झाल्या होत्या, आणि मला तेच जड झालं. त्यांनी ढकलून काढलेली जीप मी कुठे फसलीच नाही म्हणून मिरवू?

"फसली," मी म्हटलं. "चढावर. पाऊण तास. जीपचा दोष नाही, टायर माझ्या अकलेचे आहेत."

"मग ठरल्याप्रमाणं..."

यशोदाबाईनं गाठोड्याची गाठ आवळली. "अन् जीप विकली तं आमी काय उडत येऊ? ठेकेदार येईन का आमाले आणाले? ज्याचं वावर सडकीले लागून हाय, आमी त्याच्या इथं जाऊ. मंग तुमचा कापूस तुमीच येचा, भाऊ."

भाऊजी दुकानदार आहेत. कोण खरं गिऱ्हाईक आणि कोण नुसतं भाव विचारणारं, ते त्यांना कळतं. मग म्हणाले, "बरं. टायर बदला. पण हंगाम संपेपर्यंत पुन्हा फसली किंवा कुठं धडकली, तर मग मी कोणाचं ऐकणार नाही."

दुसऱ्या दिवशी सहा-सोळा बसवले. देवानंदभाऊ "मी तेव्हाच म्हणलो होतो" असं एकदाही म्हणाले नाहीत, चहा मात्र दोनदा मागवला. बारीक, उंच टायर जीपला लावल्यावर ती पुन्हा म्हातारी दिसायला लागली, आणि पांदणीत अशी चालली की मला स्वतःचाच राग आला. ते रुंद टायर भाऊजींनी त्यांच्या गाडीला घेतले. माप बसलं. यवतमाळच्या गुळगुळीत सडकेवर फार शोभून दिसतात.

मला अजून त्या दिवसांचा वास येतो. ओल्या कापसाचा कोंदट वास, टपाच्या ताडपत्रीचा, बायांच्या डब्यातल्या ठेच्याचा, आणि ह्या सगळ्यावर डिझेलचा. शेजारी यशोदाबाई आणि मागे अकरा जणी बसल्या की जीपमध्ये जागा उरायची नाही, पण गप्पांना जागा व्हायची. कोणाची सासू, कोणाची शेळी, कोणाच्या नवऱ्यानं केलेली भाजी. मी पुढे बघून चालवायचे आणि कान मागे ठेवायचे. मला वाटतं त्या हंगामात मी जितकी हसले तितकी त्याआधीच्या पाच वर्षांत हसले नसेन. चेहरा सरळ ठेवून हसावं लागायचं, कारण मी त्यांची बाई होते, मालकीण.

मग थंडी पडली आणि दुसरी अडचण पुढे आली. डिसेंबरात साडेपाचलाच दिवस मावळतीला लागतो. मोजणी आटोपून बायांना पोचवायला निघेपर्यंत दिवेलागण झालेली असायची, नाल्यावर धुई, म्हणजे दाट धुकं, उतरलेली असायची. आणि जीपचे हेडलाइट म्हणजे दोन पिवळे ठिपके. लाइट लागलेत की नाही हे बघायला खाली उतरावं लागायचं.

इथे मी दुसरी चूक केली. यवतमाळला गेले होते, दुकानात झगझगीत पांढरे बल्ब दिसले, घेऊन आले. जुन्याच काचेत बसवले. उजेड भरपूर झाला, पण तो सगळीकडे उधळायचा. पहिल्याच संध्याकाळी समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून खिडकीतून मान काढली.

"ओ मावशी, डोये फोडता का आमचे?"

आणि धुईत तर कमालच. पांढरा उजेड धुईवर आपटून माझ्याच तोंडावर परत यायचा. समोर जणू चादर धरलीय. त्या चादरीतून एक दिवस अचानक बंडीचं मागचं लाकूड निघालं. बंडीला ना दिवा ना काही. मी ब्रेक दाबला. जीप तीन हातांवर थांबली. बंडीवाल्याला कळलंही नाही, तो गाणं म्हणत पुढे गेला. बारा बाया एकदम गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या तेव्हा मला घाम फुटला. भाऊजींची अट मला त्या वेळी आठवलीसुद्धा नाही. आठवली ती रात्री जेवताना, आणि तेव्हा ती फार क्षुल्लक वाटली.

देवानंदभाऊंनी पांढरे बल्ब काढून माझ्या हातात दिले. "बल्ब बदलून काय होते? वायर मेली हाय. तुमच्या हिरीवरच्या मोटारीचं नाही का, केबल लांब अन् बारीक असली की टोकाले दाब भेटत नाही? तसंच. करंट पूर्ण डॅशबोर्ड फिरून येते, अर्धा रस्त्यातच मरते." त्यांनी बॅटरीपासून लाइटपर्यंत थेट जाड वायर टाकली, मध्ये रिलेचा खटका बसवला, काचा नव्या घातल्या आणि साधे पिवळसर बल्बच लावले. भिंतीवर उजेड पडला तेव्हा मी मान्य केलं की विहिरीच्या मोटारीवरून मला हे स्वतःला सुचायला हवं होतं.

पण काम अजून संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाया भरून निघाले तर उजेड रस्त्यावर नाहीच. पळसाच्या शेंड्यांवर.

"बाई," शेजारून यशोदाबाई म्हणाली, "हे लाइट माकडं पाहाले लावले का?"

कारण साधं होतं. देवानंदभाऊंनी रिकाम्या जीपवर लाइटचा रोख लावला होता. मागे अकरा बाया बसल्या की जीपचा मागचा भाग दबतो, नाक वर होतं आणि लाइट आभाळ दाखवायला लागतात. भाऊ म्हणाले, "पोते टाकून पाहू मागं." मी म्हटलं, पोती कशाला, खऱ्या बायाच आणते.

बाजाराच्या दिवशी बाया तशाही आर्णीला येतात. दिवेलागणीला त्यांना गॅरेजसमोर जीपमध्ये बसवलं. समोर गोदामाची लांब भिंत. भाऊंनी खडूनं तिच्यावर रेघ मारली.

"रोज जशा बसता तशाच बसा," ते म्हणाले. "गाठोडे बी ठिवा."

"ए सुमन, तू पुढं काहून बसली? तू तं मागं बसते."

"आज बाजार हाय ना. एक दिस बसू द्या न!"

"नोको बसू. लाइट तिरपे व्हतीन."

भाऊ स्क्रू पाव वळसा फिरवत होते, उजेडाचा गोल भिंतीवरून खाली सरकत होता, आणि आजूबाजूला माणसं जमली होती. कुणाला वाटलं जीप विकायला आहे, कुणाला वाटलं निवडणुकीचं काही आहे. बायांना अशी बसायची संधी कधी मिळते? कुणी काम सांगत नाही, आणि बसणं हेच काम. त्या चांगल्या ऐसपैस बसल्या. एकीनं पुड्यातली भजी फिरवली.

"भजे खाऊ नोका आता," यशोदाबाई ओरडली. "वजन वाढलं तं मिस्त्रीले पुन्हा लावा लागीन!"

देवानंदभाऊ इतके हसले की स्क्रूड्रायव्हर हातातून पडला. मग शेवटचा वळसा झाला आणि उजेड खडूच्या रेघेवर जाऊन बसला.

जानेवारीतली एक सकाळ. शेवटची वेचणी. धुई एवढी की दहा पावलांवरचं झाड दिसत नव्हतं. पांदणीच्या तोंडाशी डांबरावर एक गाडी कडेला उभी, चारही दिवे लुकलुकताहेत. भाऊजी. हंगामाचा हिशेब बघायला निघाले होते आणि धुईत अडकून अर्धा तास तिथेच बसले होते. गाडीखाली माझे रुंद टायर.

"या, बसा," मी म्हटलं.

ते पुढच्या दाराकडे आले. तिथे यशोदाबाई होती. ती हलली नाही.

"इथं माह्यी जागा हाय, भाऊ. मागं बसा. नाही तं लाइट बिघडते."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खरं आहे ते." ते मागे जाऊन दोन बायांच्या मध्ये, मांडीवर कुणाचा तरी डबा घेऊन बसले. मी लाइट लावले. उजेड धुईच्या खालून, जमिनीला धरून, चाकोरीवर पसरला. चाकं चाकोरीत बसली. नाला आला, चढ आला, धुऱ्याला जिथे टेकलो होतो ती जागा आली आणि मागे गेली. मागे सगळ्या नेहमीसारख्या बोलत होत्या. त्या दिवशी शेळीचा विषय होता. शेतात पोचलो. उतरताना भाऊजींनी डबा जिचा तिला दिला.

दिवसभर ते वावरात फिरले. संध्याकाळी, वजनकाटा आवरल्यावर म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी पलीकडचा तुकडाही कापसाखाली घ्या. दोन बाया जास्त लागतील, यशोदाबाईले आत्ताच सांगून ठेवा."

ठेक्याबद्दल ते इतकंच बोलले. म्हणजे काहीच नाही.

यशोदाबाई गाठोड्यावर बसली होती. ती म्हणाली, "दोन बाया वाढल्या तं मिस्त्रीकडं पुन्हा जा लागीन, बाई. सांगून ठिवतो."

तेव्हापासून दर वर्षी हे एक काम वाढलं आहे. टोळीत कोण आलं, कोण गेलं ते पाहून वेचणीआधीच्या बाजाराच्या दिवशी सगळ्यांना गॅरेजसमोर बसवायचं. यंदा चौदा आहेत. सुमनला मुलगा झाला, ती त्याला घेऊन येणार आहे, त्याचं वजन धरायचं की नाही यावर कालच वस्तीत चर्चा झाली.

टायरांत हवा भरून झाली. संध्याकाळी आर्णीहून एकटीच परत आले. रिकाम्या जीपचं नाक खाली असतं, त्यामुळे उजेड अगदी पुढ्यातच पडतो, लांबचं दिसत नाही. मी हळू चालवते. मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, बाया बसल्या की तो आपोआप वर येईल.